गाडीची बॅटरी, जादा वायरी आणि गटाचा हिशोब



आपल्या प्रभागसंघातल्या बऱ्याच गटांकडे आता स्वतःची गाडी आहे. कुणाचा छोटा टेम्पो, कुणाची मालवाहू रिक्षा. मसाले, पापड, भाजीपाला, रोपं असा माल घेऊन आपण आठवडी बाजार करतो. गाडी दारात आली की हळूहळू तिच्यावर एकेक वस्तू चढते. अंधार पडतो म्हणून दिवे, गिऱ्हाईक बोलवायला भोंगा, मोबाईलवर पैसे घ्यायचे म्हणून चार्जर, उन्हाळ्यात पंखा. या सगळ्यांना वीज लागते आणि ती गाडीच्या बॅटरीतून येते. ती कशी घ्यायची, वायरी कशा लावून घ्यायच्या आणि गटाने कशावर लक्ष ठेवायचं, हा आजचा पाठ.

"हे तर मेकॅनिकचं काम, आम्हाला काय करायचंय?" असं कुणी म्हणेल. मीही तेच म्हणत होते. मी समाजकार्य शिकले, वायरिंग नाही. पण एका गटात जे घडलं त्यानंतर मी वायरमन दादांच्या शेजारी बसून हे समजून घेतलं. आधी ती गोष्ट सांगते. गटाला विचारूनच सांगते आहे, पण नाव लिहीत नाही.

एका गटाची गोष्ट

हा १० जणींचा गट. मसाले आणि पापड विकतो. कर्ज काढून छोटा टेम्पो घेतला. गटातलीच एक ताई गाडी चालवायला शिकली, लायसन्स काढलं आणि मंगळवार-शनिवारचे बाजार सुरू झाले. धंदा चांगला चालला. वर्षाच्या आत बॅटरी बसली. नवीन टाकली. सहा महिन्यांत तीही बसली. दुकानदार म्हणाला, "बॅटरी खराब नाही, पूर्ण उतरवून उतरवून मारलीय. वॉरंटीत बसत नाही." म्हणजे पुन्हा चार हजारांचा खर्च.

मग बैठकीत विषय निघाला. बॅटरी उतरते म्हणजे कुणीतरी दिवे चालू ठेवतं. गाडी कोण चालवतं? ती ताई. एकीने म्हटलं, दुसरीने मान हलवली. ती ताई शपथेवर सांगत होती की मी प्रत्येक बटण बंद करून घरी जाते. कुणी ऐकलं नाही. शेवटी तिने चावी अध्यक्षताईंसमोर ठेवली आणि म्हणाली, "दुसरी कुणी चालवा." दुसरी कुणी चालवणारी नव्हती. दोन बाजार बुडाले. हप्ता मात्र बुडवता येत नाही.

खरं सांगते, त्या महिन्याच्या माझ्या भेट अहवालात मीही लिहिलं होतं, "चालक सदस्याच्या निष्काळजीपणामुळे नुकसान." गाडीचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून वायरमन दादांना घेऊन गेलो. त्यांनी बॅटरीवरचं झाकण काढलं आणि काही न बोलता आम्हाला जवळ बोलावलं. प्लस टर्मिनलवर कंपनीची जाड वायर होती आणि तिच्यावर आणखी पाच वायरी पिळून बसवल्या होत्या. दिव्यांची, भोंग्याची, पंख्याची, चार्जरची आणि मिक्सरसाठी आणलेल्या इन्व्हर्टरची. एकाही वायरीला फ्यूज नव्हता. एक वायर बॅटरीच्या लोखंडी ट्रेच्या धारेवर घासून तिचं आवरण निम्मं गेलं होतं. पाच वायरी, पाच वेगवेगळ्या वेळी, पाच वेगवेगळ्या माणसांनी लावलेल्या.

मग त्यांनी मीटर लावला. चावी बंद, दिवे बंद, पंखा बंद, सगळी बटणं बंद. तरी मीटर ०.६ अँपिअर दाखवत होता. भोंग्याचा अॅम्प्लिफायर आणि इन्व्हर्टर दोन्ही डायरेक्ट जोडलेले होते. बाजारात ताई ज्या बटणाने भोंगा बंद करायची, ते फक्त आवाज बंद करायचं. आतलं यंत्र चालूच राहायचं. इन्व्हर्टरला काही जोडलेलं नसलं तरी तो थोडी वीज पीत राहतो.

आता हिशोब बघा. शनिवारी रात्री गाडी उभी केली की मंगळवारी दुपारपर्यंत साधारण ६० तास होतात. ६० तास गुणिले ०.६ अँपिअर म्हणजे ३६. आणि बॅटरी होती ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे अगदी भरलेली बॅटरीसुद्धा नुसत्या उभ्या गाडीत रिकामी होणार. दोष ताईचा नव्हता, वायरींचा होता.

हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जिने पहिल्यांदा आरोप केला होता तिनेच उठून चावी त्या ताईच्या हातात दिली. मी माझ्या अहवालातली ओळ खोडून दुरुस्ती लिहिली आणि खाली सही केली.

आता पाठाकडे वळू.

१) बॅटरी म्हणजे गटाचं खातं

आपलं बँक खातं असतं तसं बॅटरीचं समजा. गाडी चालते तेव्हा इंजिनवरचा अल्टरनेटर बॅटरीत वीज भरतो, ही जमा. दिवे, भोंगा, पंखा वीज घेतात, हा खर्च. गाडी उभी असताना जमा शून्य, खर्च मात्र चालू.

गटाच्या खात्यातून प्रत्येकीने ठरावाशिवाय, नोंदीशिवाय परस्पर पैसे काढले तर काय होईल? पाच वायरी थेट टर्मिनलवर लावणं म्हणजे हेच. कोण किती घेतंय ते दिसत नाही आणि थांबवायला मध्ये कुणी नाही.

बहुतेक छोट्या टेम्पोंची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिची तब्येत साध्या मीटरने कळते. इंजिन बंद करून दोन-तीन तास झाले की मोजा:

१२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली.
१२.२ च्या आसपास: निम्मी. इथे थांबायचं.
११.८ किंवा कमी: जवळजवळ रिकामी.
इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४: चार्जिंग नीट होतंय.

गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते. तिला वारंवार तळापर्यंत उतरवलं की ती लवकर मरते. म्हणून निम्म्याच्या खाली जायचं नाही, हा पहिला नियम.

२) आधी बेरीज, मग वायर

कुठलंही उपकरण घ्यायच्या आधी त्यावरचे वॅट बघा. वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. या गटाची बेरीज अशी झाली:

दोन एलईडी दिवे, १२ वॅटचे: २ अँपिअर
भोंग्याचा अॅम्प्लिफायर, ४८ वॅट: ४ अँपिअर
पंखा, २४ वॅट: २ अँपिअर
मोबाईल चार्जर, १२ वॅट: १ अँपिअर
एकूण: ९ अँपिअर

बॅटरी ३५ ची. निम्मी वापरायची म्हणजे साडेसतरा. ९ ने भागलं तर दोन तासही पुरत नाही. बाजार चार तासांचा.

मग गटाने बसून ठरवलं. दिवे चार तास, म्हणजे ८. चार्जर चार तास, म्हणजे ४. भोंगा सलग लावायचा नाही, अधूनमधून मिळून अर्धा तास, म्हणजे २. पंखा बाजारात बंद. बेरीज १४. साडेसतराच्या आत बसलं. गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. उलट सारखा भोंगा ऐकून शेजारचा भाजीवाला वैतागायचा, तोही बोलायला लागला.

आणि मिक्सर? ताजी चटणी वाटून द्यावी म्हणून इन्व्हर्टर आणला होता. ५०० वॅटचा मिक्सर म्हणजे ५०० भागिले १२, जवळजवळ ४२ अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर ५० च्या घरात. टेम्पोच्या छोट्या बॅटरीचं हे कामच नाही. इन्व्हर्टर काढून टाकला. चटणी आता सकाळी घरी वाटून डब्यातून नेतात.

ज्या गटाला चार तासांहून जास्त वेळ दिवे लागतात, त्यांनी दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवावी आणि ती घरी चार्ज करावी. मग निदान गाडी सुरू होण्याची हमी राहते. आणि एक लक्षात ठेवा, बाजारात खर्च झालेली वीज दहा मिनिटांच्या रस्त्यात भरून येत नाही. गाव जवळ असेल तर वापर आणखी कमी हवा.

३) टर्मिनलवर गर्दी नको

टर्मिनलवर किती वायरी असाव्यात? कंपनीच्या आहेत त्या, आणि आपली जादा फक्त एक. सगळ्या पाठातली ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं.

जास्त वायरी पिळून बसवल्या की क्लॅम्प नीट आवळला जात नाही. पकड ढिली झाली की तिथे ठिणगी पडते, उष्णता होते, गाडी कधी सुरू होते, कधी नाही. आपण म्हणतो बॅटरी गेली. ती गेलेली नसते, पकड ढिली असते.

या गटाच्या गाडीत नवी मांडणी अशी केली:

प्लस टर्मिनलवरून एकच जाड वायर निघते, तिच्या टोकाला दाबून बसवलेला लग आहे. टर्मिनलपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज आहे. तिथून वायर ड्रायव्हरच्या सीटजवळच्या मेन स्विचला जाते. मेन स्विचवरून फ्यूज बॉक्सला. फ्यूज बॉक्समधून दिवे, भोंगा, पंखा, चार्जर यांच्या वेगवेगळ्या वायरी निघतात आणि प्रत्येकीला आपापला छोटा फ्यूज आहे.

मायनसचंही तसंच. सगळ्या उपकरणांच्या मायनस वायरी एका पितळी पट्टीवर आणायच्या आणि पट्टीवरून एकच जाड वायर बॅटरीच्या मायनसला. गंजक्या स्क्रूवर कुठेही मायनस अडकवला तर दिवा लुकलुकतो. काही नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तिथे जादा वायर टर्मिनलवर न लावता बॉडीच्या अर्थच्या बोल्टवर लावतात. वायरमनला हे आठवणीने विचारा.

मेन स्विचचा फायदा मोठा आहे. बाजार आटपला की एकच स्विच बंद, मग मागे कुठलंही यंत्र चालू राहिलं तरी वीज जात नाही. स्विचवर छोटा लाल दिवा लावून घेतला. लाल दिसला की चालू आहे. आता त्या ताईला शपथ घ्यावी लागत नाही.

४) फ्यूज वायरीला वाचवतो

फ्यूज उपकरणाला वाचवतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो वायरीला वाचवतो, आणि वायरीमुळे गाडीला. प्लसची वायर घासून लोखंडी बॉडीला लागली की बॅटरी आपली सगळी ताकद त्या वायरीत ओतते. शेकडो अँपिअर. वायर क्षणात लालबुंद होते, आवरण पेटतं. वाटेत फ्यूज असेल तर तो वितळतो आणि तिथेच थांबतं.

म्हणून फ्यूज बॅटरीजवळच हवा. उपकरणाजवळ लावलेला फ्यूज त्याच्या आधीच्या चार मीटर वायरीला वाचवू शकत नाही.

फ्यूज केवढा? उपकरणाला लागतं त्याहून थोडा मोठा, पण वायर सोसेल त्याहून छोटा. छोट्या चपट्या फ्यूजचा आकडा त्यावर लिहिलेला असतो आणि रंगावरूनही ओळखता येतो:

५ अँपिअर: बदामी
७.५: तपकिरी
१०: लाल
१५: निळा
२०: पिवळा
३०: हिरवा

या गटाने मुख्य फ्यूज २० चा लावला, भोंग्याला ७.५ चा, बाकी सगळ्यांना ५ चे. प्रत्येक आकड्याचे दोन जादा फ्यूज पिशवीत घालून फ्यूज बॉक्सजवळ ठेवले.

फ्यूज गेला तर तिथे तारेचा तुकडा किंवा चॉकलेटची चांदी घालून काम चालवायचं नाही. मोठ्या आकड्याचा फ्यूजही घालायचा नाही. नवा तेवढाच घाला. तोही लगेच गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे, वायरमनला बोलवा.

५) वायर केवढी आणि कुठून

दुकानात वायर एकची, दीडची, अडीचची, चारची अशी मागतात. आकडा जेवढा मोठा तेवढं तांबं जास्त. १२ व्होल्टच्या गाडीत बारीक वायर घरातल्यापेक्षा जास्त नडते, कारण व्होल्ट आधीच कमी असतात आणि वाटेत खर्च झालेले लगेच जाणवतात. उदाहरण बघा. भोंगा ४ अँपिअर घेतो, मागच्या टोकापर्यंत ४ मीटर, जाऊन-येऊन ८ मीटर. ०.५ ची वायर असेल तर वाटेतच सुमारे १.१ व्होल्ट संपतात. दीडची असेल तर ०.४ च्याही आत. भोंगा घोगरा का वाजतो त्याचं उत्तर कधीकधी वायरीत असतं.

या गाडीत मुख्य वायर चारची घातली, बाकी सगळ्या दीडच्या. वायर गाडीसाठीची, बारीक तारांची लवचिक घ्या. घरच्या वायरिंगची कडक वायर हादऱ्याने तुटते.

वायर कुठून न्यायची तेही महत्त्वाचं आहे:

सायलेन्सर आणि इंजिनच्या गरम भागापासून लांब. इंधनाच्या पाइपला बांधून नाही.
पत्र्यातल्या भोकातून जाताना भोकात रबरी ग्रोमेट हवा, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते.
वायरी लवचिक पाइपातून न्यायच्या आणि वीत-दीड वीत अंतरावर केबल टायने बांधायच्या. लोंबणारी वायर ठेवायची नाही.
नुसता पीळ मारून काळी टेप लावलेला जॉइंट नको. उन्हाने टेप सुटते. दाबून बसवलेला लग किंवा जोडणी हवी.
कंपनीची मूळ वायर कापून मध्ये जोड द्यायचा नाही. गाडीच्या वॉरंटीवर वाद होऊ शकतो.

विम्याचंही बघा. नंतर बसवलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला यादी द्या.

६) बॅटरीला हात लावण्याआधी

वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या. पण टर्मिनल साफ करणं, आवळणं हे आपण करू शकतो. त्याआधी हे वाचा आणि मोठ्याने वाचून दाखवा.

हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र पदरात किंवा ब्लाउजच्या आत घ्या. ओढणी, पदर खोचा. धातूची बांगडी प्लस आणि बॉडीला एकाच वेळी टेकली तर ती क्षणात तापते आणि मनगट भाजतं. करंट लागत नाही म्हणून १२ व्होल्टला आपण हलक्यात घेतो. भाजणं मात्र खरं असतं.

चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी, काडी, निरंजन काही नको. गाडीची पूजा करताना उदबत्ती बॅटरीपासून लांब.

बॅटरीतलं पाणी म्हणजे आम्ल. अंगावर उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर बराच वेळ धुवून लगेच दवाखाना.

काढण्या-लावण्याचा क्रम पाठ करा: मायनस जाताना पहिला, येताना शेवटचा. म्हणजे काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. कारण सोपं आहे. बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस लावलेला असताना प्लस सोडायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी. मायनस आधी काढला की ही वाटच बंद होते. काळा-लाल उलटे तर चुकूनही लावायचे नाहीत. अल्टरनेटर जळतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, ती अशी काढा. दोन्ही वायरी काढून घ्या. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. हे पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका. साध्या पाण्याने पुसून, कोरडं करून वायरी लावा, पान्याने घट्ट आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. सगळ्यात शेवटी वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. आधी नाही, आवळल्यावर. प्लसवर लाल रबरी टोपी घाला. बॅटरी पट्टीने घट्ट बसलेली आहे ना तेही हलवून बघा. बुचं असलेल्या बॅटरीत पाणी कमी झालं तर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचं नाही, आणि आम्ल तर नाहीच.

बॅटरीवर चालणारी मालवाहू रिक्षा असलेल्या गटांनी वरचं काहीही तिच्या मोठ्या बॅटरीवर करू नये. तिथे व्होल्ट बरेच जास्त असतात. अशा गाडीत दिवे-चार्जर लावायचे तर विक्रेत्याच्या अधिकृत कारागिराकडून १२ व्होल्टची वेगळी जोडणी करून घ्यावी.

७) गटाच्या वहीत एक पान

आपली पंचसूत्री काय सांगते? हिशोब लेखन. मग गाडीच्या वायरींचं लेखन का नको? गटाच्या वहीत "गाडीची वीज" असं एक पान करा. त्यात प्रत्येक वायरीसाठी एक ओळ: उपकरण, वॅट, फ्यूजचा आकडा, वायर केवढी, कुणी लावली, कोणत्या तारखेला. वायरीच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावा आणि वरून पारदर्शक टेप गुंडाळा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत मराठीत यादी चिकटवा. उद्या दुसरी ताई गाडी चालवायला लागली तरी तिला सगळं कळलं पाहिजे.

आणि एक ठराव करा. नवीन उपकरण बैठकीत बेरीज करूनच लागेल. कुणाच्या भावाने, दिराने "पाच मिनिटांत लावून देतो" म्हटलं तरी थेट टर्मिनलवर नाही.

वायरमनकडे जाताना हे विचारा:

प्लसवर आपली जादा वायर एकच आहे का?
मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात आहे का?
प्रत्येक उपकरणाला वेगळा फ्यूज आहे का?
मेन स्विच आहे का, तो बंद केल्यावर सगळं बंद होतं का?
सगळं बंद असताना मीटर किती दाखवतो? आपला मेन स्विच बंद असेल तर नुसत्या गाडीचा आकडा साधारण ०.०५ च्या आत हवा. तुमच्यासमोर मोजायला सांगा.

आपल्या गोष्टीतल्या गटाला सामान आणि मजुरी मिळून एका बॅटरीच्या निम्म्याहून कमी खर्च आला. काम झाल्यावर पुन्हा मीटर लावला, तेव्हा सगळ्या जणी गाडीभोवती उभ्या होत्या. मेन स्विच बंद केला आणि आकडा ०.०३ वर आला. सचिवताईंनी तो तारखेसह वहीत लिहिला.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गाडीच्या प्लस टर्मिनलवर आज किती वायरी आहेत? झाकण उघडून मोजा.
२. आपल्या सगळ्या उपकरणांचे वॅट लिहा, १२ ने भागा, बेरीज करा. बॅटरीवर लिहिलेला आकडा किती? बाजाराच्या वेळेला पुरते का?
३. वायर घासून पेटली आणि वाटेत फ्यूज नसेल तर गाडी, माल आणि कर्ज यांचं काय होईल?
४. गटात नुकसान झालं की आपण आधी माणूस शोधतो की कारण? अलीकडचं एखादं उदाहरण आठवा. ज्या ताईवर बोट ठेवलं होतं तिला बोलायची संधी मिळाली होती का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुढच्या ग्रामसंघ बैठकीला लिहून आणा. ज्या गटांच्या टर्मिनलवर दोनपेक्षा जास्त जादा वायरी निघतील, त्यांची यादी करून एकाच दिवशी वायरमन दादांना बोलावता येईल, म्हणजे येण्या-जाण्याचा खर्च वाटला जाईल. मीटर प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवला आहे. नोंद करून घेऊन जा आणि काम झालं की परत आणा.

आपली,
क्षेत्र समन्वयक